शिकारीची उमेदवारी

९ नोव्हेंबर, रविवार

शिकार शिकण्याची इच्छा वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी व्हावी, यात शोभण्यासारखे काही नाही, हे मला मान्य आहे. आमच्या घरात शिकारीच्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण शिकारी एकच होता, आणि तो म्हणजे माझे आजोबा. त्यांनी खानापूरच्या माळावर वाघर, म्हणजे शिकारीचे जाळे, लावून ससे कसे धरले आणि रानडुकरांच्या हाक्याला कोण कोण गेले होते, हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले होते की ती सारी माणसे माझ्याच ओळखीची वाटत. प्रत्यक्षात मी मात्र दुकानदाराने सोलून, तुकडे करून, काळ्या पिशवीत भरून दिलेली कोंबडी घरी आणणारा माणूस आहे, आणि ती पिशवीसुद्धा मी हातात जरा लांब धरतो.

यंदा दिवाळीला गावी गेलो असता पुतण्याने विषय काढला. सागरेश्वर अभयारण्याच्या बाजूने उतरणाऱ्या हरणांनी शाळवाचे कोवळे कोंब खाल्ले होते आणि बांधावर तारेचा फास लावावा असे त्याच्या मनात होते. आजोबांचा नातू म्हणून मी खूश व्हावे, अशी त्याची अपेक्षा असावी. मी त्याला थांबवले आणि रात्री दोघांनी मिळून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मोबाईलवर वाचून काढला. त्यातली शिकारीची व्याख्या आजोबांच्या व्याख्येपेक्षा फार रुंद निघाली. प्राण्याला मारणे तर शिकार आहेच, पण त्याला पकडणे, फास लावणे, हाकणे, आमिष दाखवणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्यासाठी ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पुतण्या गप्प झाला आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला कोणकोणती कागदपत्रे लागतात, ते पाहू लागला. माझ्या मनात मात्र आजोबांचा माळ जागा झालेला होता, तो काही झोपेना.

आपल्या भागात सामान्य माणसाला उघडपणे करता येईल अशी एकच शिकार उरलेली दिसते, आणि ती म्हणजे गळाने मासे धरणे. सांगलीत जन्म काढून मी कृष्णेत कधी गळ टाकलेला नाही. आज हरिपूरला जाऊन संगमावर अण्णांना भेटलो. अण्णा भोई समाजातले, वय सत्तरीपुढचे, आणि माझ्या वडिलांच्या ओळखीचे आहेत. मला शिकवा, असे म्हटल्यावर त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, "आधी चार रविवार नुसतं बसा."

१६ नोव्हेंबर, रविवार

चार रविवार बसण्याची अट आज एका रविवारावर तुटली, कारण अण्णांनाच माझी कीव आली असावी. तरी सकाळी दोन तास त्यांनी मला हातात काठी दिली नाही. पश्चिमेकडून वारणा येऊन कृष्णेला मिळते, त्या ठिकाणी दोन पाण्यांची एक शिवण दिसते, ती मी आजवर किती तरी वेळा पाहिली होती. पण त्या शिवणीच्या कडेला पाणी संथ होते, वाहून आलेले खाद्य तिथे रेंगाळते आणि म्हणून मासाही तिथे रेंगाळतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. खळाळावर मासा थांबत नाही, कारण तिथे त्याला नुसते टिकून राहायलाही ताकद लागते. डोहाच्या तोंडाशी, बुडालेल्या झाडाच्या सावलीत, घाटाच्या पडलेल्या दगडांच्या कपारीत तो थांबतो. पाणी असे वाचायचे असते, हे कळल्यावर पुलावरून स्कूटर चालवताना माझी मान आपोआप नदीकडे वळू लागली आहे, आणि हे धोक्याचे आहे.

दुपारी साहित्य घेतले. दुकानात चकचकीत रीळ लावलेल्या काठ्या होत्या, पण अण्णांनी घरची बांबूची काठी दिली आणि तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, गऱ्या म्हणजे गळाचे आकडे, शिशाचे मणी व पाण्यावर तरंगणारे बूच एवढेच विकत घ्यायला लावले. गरीचा नंबर जितका मोठा तितकी गरी लहान, हा उलटा हिशोब मला दोनदा विचारावा लागला. दुकानदाराने तो तिसऱ्यांदा आपणहून सांगितला.

चाऱ्याचा गोळा मळताना मात्र मी रमलो. कणीक, शेंगदाण्याची पेंड, पाण्याचा हबका, आणि शेवटी पिंजलेल्या कापसाचे चार तंतू. गोळा पाण्यात लगेच विरघळू नये आणि गरीला धरून राहावा यासाठी तो कापूस असतो. हा गोळा रोहूसाठी आणि मृगळासाठी. शिंगट्याला गांडूळ लागते. मरळ जिवंत बेडकीवर येतो, पण बेडकी गरीला लावण्याची माझी तयारी अजून झालेली नाही, हे मी अण्णांना सांगितले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज एकही मासा मिळाला नाही आणि चूक पूर्णपणे माझी होती. बूच पहिल्यांदा थरथरले की मी काठी उचलायचो, आणि दर वेळी रिकामी गरी झाडाच्या फांदीत जाऊन अडकायची. अण्णा शांतपणे म्हणायचे, "अजून चाखतोय, जाऊ द्या." रोहूच्या जबड्यात दात नसतात, त्याचे दात घशात असतात. तो आधी ओठांनी चोखून पाहतो, थुंकतो, पुन्हा घेतो. बूच थरथरणे म्हणजे ही तपासणी चाललेली असते. ते तिरके होऊन एका बाजूला चालू लागले, किंवा एकदम खाली गेले, की मगच हात उचलायचा, आणि तोही मनगटाने, खांद्याने नव्हे. हे सारे मला तोंडपाठ झाले आहे. बूच हलले की मात्र हात पाठांतराला विचारीत नाही.

फांदीतून तंगूस सोडवण्यात अर्धा दिवस गेला. एक तुकडा तुटून वर राहिला, तो अण्णांनी एका मुलाला झाडावर चढवून काढवला, कारण त्यात पाखराचा पाय अडकतो. मला ते सुचले नव्हते.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला मासा. हातभर नव्हे, वीतभर शिंगटा, आणि त्याने मला लगेच शिक्षा केली. गळाला लागलेला मासा कसा धरावा याचा धडा अण्णा उद्या देणार होते, मी तो आजच घेतला. शिंगट्याच्या पाठीवरच्या परात एक आणि छातीजवळच्या दोन परांत एकेक असे ताठ काटे असतात, आणि घाबरला की तो ते तिन्ही उभे करून कुलूप लावल्यासारखे धरून ठेवतो. त्यातला एक माझ्या अंगठ्याच्या मुळाशी गेला. वेदना कोपरापर्यंत चढली. अण्णांनी जवळच्या टपरीतून गरम पाणी आणून त्यात हात धरायला लावला, तेव्हा ठणका उतरला.

खरा प्रश्न यानंतर आला. मासा पाटीत तडफडत होता आणि तो आपोआप मरेल अशी माझी समजूत होती. मरतोच, पण फार वेळाने. बाजारातल्या पाटीत हे चाललेले असते तेव्हा मी भाव करीत असतो, म्हणून ते मला कधी दिसले नाही. अण्णांनी बाभळीचा आखूड सोटा पुढे केला आणि डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या मधोमध बोट ठेवून दाखवले. एकच, पण खरा मारायचा. माझा पहिला घाव भीत भीत पडला, त्यामुळे दुसरा मारावा लागला. आजोबांच्या कोणत्याही गोष्टीत हा दुसरा घाव नव्हता. सशाला वाघरीत धरल्यानंतर काय केले, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. गोष्ट तिथे तोडून ते थेट रश्शाकडे येत.

घरी मासा नेल्यावर सौभाग्यवतींनी दारातच सांगितले की मार्गशीर्ष लागून दहा दिवस झाले आहेत आणि या घरात महिना संपेपर्यंत मासा शिजणार नाही. हे मला ठाऊक असायला हवे होते, गेली वीस वर्षे ते असेच चालले आहे. मासा शेजारी दिला. आपण मारलेला पहिला जीव दुसऱ्याच्या ताटात गेला, याचे मला वाटले त्यापेक्षा जास्त वाईट वाटले. त्यावर सौभाग्यवतींनी महिनाभर गळ टाकू नये असा सरळ उपाय सुचवला, तो मी मानला.

२१ डिसेंबर, रविवार

मार्गशीर्ष परवा संपला. आज अण्णांबरोबर ब्रह्मनाळला गेलो, जिथे येरळा कृष्णेला मिळते. थंडी चांगली होती आणि नऊ वाजेपर्यंत पाण्यावर वाफ होती.

पलीकडच्या काठावर गाळात एक ओंडका पडला होता, आणि ऊन वर आल्यावर त्या ओंडक्याने तोंड उघडले. मगरी भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात आहेत हे सांगलीत लहान मुलालाही ठाऊक असते, वर्तमानपत्रात दर वर्षी त्यांच्या बातम्या येतात, आणि तरीही ती आपल्याबरोबर त्याच पाण्यावर बसलेली पाहणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. ती साधारण आठ फुटांची असावी, निदान अण्णांनी तरी तसा अंदाज केला. तिचे रक्त थंड, म्हणून हिवाळ्यात ती उन्हाला येते आणि जबडा उघडा ठेवून पडते. या दिवसांत तिचे खाणेही कमी असते. माझ्या मनाला आधार मिळावा म्हणून हे सारे मी अण्णांना सांगत होतो. अण्णा म्हणाले, "ती दिसतीय तवर काळजी न्हाई."

अर्ध्या तासाने मान वर केली तर गाळात नुसती ओली खूण होती. ती कधी उतरली हे दोघांनाही कळले नव्हते, आणि पाण्यावर एक वळसुद्धा नव्हता. मी सकाळपासून दबा धरून बसलो होतो, आवाज न करता, सावली पाण्यावर न पाडता, कारण माशाला पापणी नसली तरी डोळा तीक्ष्ण असतो आणि काठावरचा पायरव त्याला अंगाच्या कडेने जाणाऱ्या एका रेषेतून कळतो, हे मी नुकतेच शिकलो होतो. हे सारे कौशल्य माझ्यापेक्षा फार चांगले येणारे कोणी तरी आता त्याच डोहात होते. अण्णांनी सामान गुंडाळले. पाण्यापासून काठीच्या दुप्पट अंतर ठेवायचे, पाय पाण्यात सोडायचे नाहीत, मासा काठावर धुवायचा नाही, एकाच जागी रोज बसायचे नाही आणि दिवस मावळायच्या आत उठायचे, असे त्यांचे नियम आहेत, आणि आजपासून ते माझेही.

११ जानेवारी, रविवार

हरिपूरला पाऊण किलोचा रोहू. मनगटाने उचलले, एकच घाव घातला, घरी आणून मीच साफ केला. खवले सिंकमधून तीन दिवस निघतील, असे मला सांगण्यात आले आहे. रस्सा चांगला झाला.

कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे, इकडे बीज सोडून वाढवलेले. तेव्हा कृष्णेचा मासा म्हणून मी ज्याचे कौतुक करीत होतो, तो निम्मा पाहुणा निघाला. अण्णांच्या लहानपणी जे मासे सहज मिळत, त्यांची नावे ते घेतात तेव्हा माझ्याजवळ त्यांना जोडायला चेहरे नसतात. उन्हाळ्यात पाणी कमी झाले आणि वरून साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पांढरी पोटे वर करून काठाला लागतात. त्या दिवशी नदीत गळ टाकायची गरज नसते. त्या दिवसांबद्दल अण्णा जास्त बोलत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेले महिनाभर गळाला बहुतेक चिलापीच, म्हणजे तिलापिया, लागते आहे. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता तलाव, बंधारा, नदी, कोठेही सापडतो. तो दुसऱ्यांची अंडी-पिले खातो, त्यांची जागा घेतो, म्हणून अण्णांचा नियम असा की चिलापी लागली तर ती लहान असली तरी परत सोडायची नाही. नियम मला पटलेला आहे आणि आजवर मी तो पाळत आलो आहे.

आज दहाच्या सुमाराला संगमाच्या घाटावर बूच कडेला सरकले. उचलले तर तळहाताएवढी चिलापी आली, पण ओढ विचित्र होती. जवळ घेतल्यावर दिसले की गरी तोंडात नव्हतीच, ती गालफडाच्या बाहेरून कातडीत रुतली होती. गरी काढण्यासाठी मी तिला वरच्या पायरीवर धरले आणि तिने तोंड उघडले. बारीक, पिवळ्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या दाण्यांचा एक घोट तिच्या तोंडातून पायरीवर पडला, मग दुसरा. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि ती पिले होऊन बाहेर पडेपर्यंत जवळजवळ काही खात नाही. म्हणजे ती माझ्या गोळ्याकडे आलीच नव्हती. ती नुसती तिथून चालली होती.

अण्णांनी पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. सोटा उजव्या हाताला होता आणि घाव एकच पडला.

पायरीच्या उतारावरून काही अंडी ओघळून पाण्यात गेली. तिथे मळे नावाचे बोटाएवढे मासे होते, ते क्षणात गोळा झाले, आणि पायरीच्या कडेचे पाणी थोडा वेळ उकळल्यासारखे दिसले. ते शांत झाल्यावर मी गरी पुसली, तिच्या टोकावरून नख फिरवून धार पाहिली आणि नवा गोळा लावला.