तिसरा सेन्सर

मे महिन्यातली दुपार होती. बोनेटला हात टेकवला की चटका बसत होता. सक्करदऱ्यातल्या माझ्या गॅरेजवर मानेवाड्याचे एक काका गाडी घेऊन आले. "सेन्सर दोनदा बदलला न भाऊ, पण इंजिनचा लाइट काही जाऊन नाही राहिला. आता तिसरा टाकून दे."

स्कॅनर लावला. कोड पी ०३२७, नॉक सेन्सर सर्किट लो, म्हणजे सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी. उभ्या गाडीत कोड येत नव्हता, हायवेला वेग धरला की यायचा. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बोल्टानं कसलेला इंजिनचा कान. सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून खडखड झाली की आतला पिझो स्फटिक त्या कंपाचं व्होल्टेज करतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. कानच बंद पडलाय असं वाटलं तर ईसीएम जोखीम घेत नाही, टायमिंग मागेच ठेवतो. म्हणून गाडी ओढत नव्हती आणि पेट्रोल मात्र ढोसत होती.

सर्किट म्हटलं की आपण वायरीकडे धावतो. मीही धावलो. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, ईसीएमचा कपलर काढला. दोन्ही वायरींची कंटिन्युटी ठीक, म्हणजे कुठे तुटलेल्या नाहीत, बॉडीला शॉर्ट नाही, हलवून-वाकवूनही तेच. सेन्सरचा रेझिस्टन्स मोजायला पोऱ्याला दिला. आकडा एक मेगाओमच्याही खाली आला आणि तो "सेन्सर गेला, भाऊ" म्हणून मोकळा! दोन्ही प्रोबच्या टोकांना त्याची घामेजलेली बोटं लागली होती. बोटं काढायला लावली, तर पाचच्या आसपास. म्हणजे हिशेबात बरोबर.

मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून छोट्या पान्यानं सेन्सरवरच टकटक केली. आकडा उडाला. तोच पाना शेजारी ब्लॉकवर मारला, आकडा जेमतेम हलला. पुन्हा मारून पाहिलं, तेच. कान चांगला होता, पण भिंतीला लागलेलाच नव्हता.

मॅनिफोल्डखाली हात घालताना कोपर सोलून निघालं. बोल्ट सुटला तसा सेन्सरखालून एक स्प्रिंग वॉशर टणकन फरशीवर पडला. बोल्ट लांब पडतोय म्हणून कुणीतरी घातला असणार. कंप त्यातच जिरत होता. बसण्याची जागाही गंजलेली; पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली. योग्य लांबीचा बोल्ट आणला, वॉशर न घालता टॉर्क रेंचनं २० न्यूटन मीटरला कसला. सेन्सर काकांचाच, दुसरा.

वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. लाइट लागला नाही. काका खूश, पण उतरताना थबकले. डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पहिला सेन्सर काढून पुढे केला. "याले पाहून दे ना जरा."

मीटर लावला, वर पान्यानं टकटक केली. तोही चांगला होता.