डब्याच्या टेबलावर कर्जाचा दर

फेब्रुवारी 2022 मध्ये आमच्या चाकणच्या कारखान्यात सगळे पुन्हा एकत्र बसून डबा खाऊ लागले होते. एका दुपारी शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गृहकर्जाचा हप्ता कमी झाल्याचे सहज सांगितले आणि विचारले, "तुमचा दर किती आहे?" एरवी मी असा प्रश्न टाळला असता, पण त्या दिवशी खरा आकडा सांगितला: 8.6 टक्के. त्यांनी चटणीचे बोट रुमालाला पुसले, मोबाइलवर बँकेचे अ‍ॅप उघडले आणि स्वतःचे कर्जखाते माझ्यासमोर धरले. तिथे 6.9 टक्के होते.

माझे कर्ज 2014 चे, म्हणजे जुन्या बेस रेटला, बँकेने स्वतः ठरवलेल्या किमान दराला, जोडलेले होते. 1 ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) बँकेबाहेर ठरणाऱ्या निकषाशी जोडणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले, आणि मे 2020 मध्ये रेपो दर 4 टक्क्यांवर आला तेव्हा त्या कर्जदारांचे व्याज लगेच उतरले. जुन्या कर्जदारालाही नव्या पद्धतीत जाता येत होते. मात्र त्यासाठी अर्ज त्यानेच करायचा होता, आणि माझ्या बँकेने मला त्याबद्दल एका शब्दाने कळवले नव्हते. शिल्लक 18 लाखांवर 1.7 टक्के म्हणजे महिन्याला सुमारे अडीच हजार रुपये होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, पण माझ्या झाकल्या मुठीतून हे पैसे दरमहा गळत होते.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांची वेतनश्रेणी गावात सर्वांना ठाऊक होती. शिक्षकांच्या पतसंस्थेतून त्यांनी कर्ज काढले तेव्हा दोन सहकाऱ्यांनी जामीनदार म्हणून सह्या केल्या, त्यामुळे कोणाच्या डोक्यावर किती बोजा आहे हेही शिक्षकांच्या खोलीत लपून राहत नसे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. खासगी नोकरीत आल्यावर मी नेमणूकपत्रातले गोपनीयतेचे कलम वाचले आणि पगाराबरोबर कर्ज, विमा, बचत असे सगळेच बोलणे बंद केले, हे माझे चुकले.

पगाराच्या बाबतीत या गप्प राहण्याची किंमत अधिक मोठी असते. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचे कायद्याचे बंधन 1976 पासून आहे, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला किती मिळते हेच माहीत नसेल, तर त्या कायद्याचा आधार घ्यायचा तरी कसा? गेल्या वर्षी आमच्या विभागातल्या एका कनिष्ठ सहकारी ताईंनी पगारवाढीच्या बैठकीआधी मला संकोचत विचारले, "सर, किती मागणे रास्त होईल?" मी त्यांच्या जागेवर असताना मला मिळालेला आकडा सांगितला, आणि त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा व ग्रॅच्युइटी धरलेली होती, त्यामुळे हातात किती पडत होते तेही कागदावर मांडून दाखवले. बढाई वाटेल ही भीती मला होती. त्यांनी मात्र वही काढून आकडे उतरवून घेतले.

मित्रांशी बोलणे मला अजूनही जड जाते, कारण तिथे बरोबरीचा मान सांभाळायचा असतो. तरी गेल्या महिन्यात आईच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या वैयक्तिक कर्जाबद्दल मी एका शाळासोबत्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "माझंही एक आहे रे, घरी माहीत नाही." बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीआधी परतफेड केली तर 2012 पासून दंड लागत नाही, पण आमची ही दोन्ही वैयक्तिक कर्जे स्थिर दराची होती. रविवारी आम्ही आपापले करारनामे घेऊन बसलो आणि मुदतपूर्व परतफेडीचे कलम शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्याच्या करारात 12 हप्त्यांनंतर शुल्क कमी होणार होते, आणि त्याचे 11 भरून झाले होते.