मजुरीचे तीनशे

माझ्या सायकलच्या दुरुस्तीचे त्या गाडीवाल्याकडून आज पैसे आले. 3,400 पैकी 3,100. सोबत मेसेज : 'मॅडम, मजुरी तुमची तुम्ही बघा. विषय संपला.'

माझ्या मते संपलेला नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

जळगावात महाबळ रस्त्याने काव्यरत्नावली चौकाकडे सायकलवर निघाले होते, डाव्या कडेने, सरळ. मागून कार आली, मला ओलांडलं आणि लगेच माझ्या पुढ्यातूनच डावीकडच्या गल्लीत वळली. इंडिकेटर नाही, काही नाही. ब्रेक दाबेपर्यंत पुढचं चाक तिच्या मागच्या दारावर आदळलेलं. गुडघा सोलला, बाकी मी धड होते. साहेब उतरले ते आधी दारावरचा ओरखडा बघायला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्टरांचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलतो." सायकल माझी, गुडघा माझा आणि बोलणं मिस्टरांशी!

माणसं जमली. चहाच्या टपरीवरचे एक बाबा आपुलकीनेच म्हणाले, "जास्त लागनं नही ना ताई? मंग जाऊ द्या ना." साहेबांनी पाचशेची नोट पुढे केली. ती मी घेतली नाही. नंबर प्लेट, वाकलेलं चाक आणि गाडी वळली ती जागा, असे फोटो काढले, त्यांचा फोन नंबर घेतला आणि बिल पाठवते म्हणून सांगितलं. त्यावर ते हसले. सायकलचं कसलं बिल?

नेरी नाक्याच्या बाजूला माझे नेहमीचे सायकल दुरुस्तीवाले चाचा आहेत. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि रिमजवळ खडू धरला. रिम जिथे वाकून बाहेर आली होती, म्हणजे 'आऊट' होती, तिथे तिथे पांढरी रेघ उमटत गेली. आऱ्यांची चावी घेऊन बराच वेळ खटपट केली, कुठे ढील दिली, कुठे ताण दिला. शेवटी मान हलवली. "आऊट निघणार नाही, रिमच मोडलीय. आणि चिमटाही मागे गेलाय." चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, वाकलाय हे मला दिसलंच नव्हतं. त्यांनी हँडल सरळ धरून बाजूने दाखवलं तेव्हा कळलं की चाक फ्रेमच्या जवळ सरकलंय. तशीच चालवली असती तर पुढच्या एखाद्या खड्ड्यात काय झालं असतं कोण जाणे.

बिल मागितल्यावर चाचा गडबडले. सायकलवाल्याकडे बिल मागतं कोण? मग रेघांच्या कागदावर लिहून दिलं : रिम 1,100, आरे 350, चिमटा 1,400, ब्रेकची मूठ 250, मजुरी 300. खाली सही आणि दुकानाचा शिक्का, थोडा तिरका.

पुढे फोनवर बरीच घासाघीस झाली. "एवढ्यात जुनी सायकल येते" हे झालं. मग "विम्यातून दिलं तर माझा नो क्लेम बोनस जाईल" हे. हा बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट. ती जाते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला तर. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो तो थर्ड पार्टी विमा, 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा, आणि खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतची सोय असते. सायकल ही मालमत्ताच. त्यांच्या विम्याची मुदत चालू आहे हे मी एमपरिवहन या सरकारी ॲपवर पाहून ठेवलं होतं, तेही सांगितलं. पलीकडे जरा शांतता.

पण मला हेही माहीत होतं की त्या वाटेने जायचं तर आधी पोलिसांत नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, वकील, तारखा. 3,400 रुपयांसाठी कोण जाणार? हे त्यांनाही पक्कं ठाऊक. कायदा आहे, पण सायकलवाल्याच्या रकमेला तो परवडत नाही, आणि त्या भरवशावरच पाचशेची नोट पुढे येते. माझ्याकडे होते फोटो, एक शिक्का मारलेला कागद आणि दर दोन-चार दिवसांनी मेसेज टाकायचा चिवटपणा. नणंद म्हणाली, "वहिनी, किती ताणताय! शोभतं का?" त्यांच्या बंपरला कोणी धक्का दिला असता तर त्यांनी किती ताणलं असतं, हे तिला विचारलं. तिने विषय बदलला.

आणि आता ही मजुरी. सामानाचे पैसे कबूल, ते बसवणाऱ्या हातांचे नाहीत. अहो, आपलं जळगाव म्हणजे सोन्याचं गाव. सराफाकडे दागिना घेताना घडणावळ मोजतोच ना आपण? तिथे कोणी म्हणतं का, सोन्याचे देतो, घडणावळ तुमची तुम्ही बघा? चाचांनी तो चिमटा बसवून, बेअरिंगच्या गोट्या-वाट्या साफ करून, ग्रीस भरून, चाक पुन्हा खडूवर फिरवून दाखवलं. अर्धी दुपार गेली त्यात.

चाचांना मी त्यांचे पूर्ण पैसे तेव्हाच दिलेत, तो प्रश्न नाही. साहेबांना बिलाचा फोटो परत पाठवला आहे, मजुरीच्या ओळीभोवती लाल गोल करून. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. गुरुवारी पुन्हा पाठवणार.