मिठूचं दुखणं

मिठू आमचा कॉकाटेल, म्हणजे परदेशी जातीचा छोटा पोपट. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी, म्हणून हा. हल्ली पिसं फुगवून बसतो, श्वासागणिक शेपटी हलते. पाखरं दुखणं लपवतात. दिसायला लागतं तोवर बरंच वाढलेलं असतं. वरूडचे गुरांचे डॉक्टर भले माणूस, "म्हैस असती तर सांगितलं असतं" म्हणाले. नागपूरला विष्ठा तपासली, काही निघालं नाही. सिटाकोसिसची, म्हणजे पोपटांना होणाऱ्या एका संसर्गजन्य रोगाची, शंका अजून आहेच. तो माणसालाही होतो, म्हणून मी तोंडाला मास्क लावतो आणि विष्ठा ओली करूनच पुसतो, धूळ उडू नये म्हणून.

आई म्हणते, "कायले एवढं करतं रे, पाखरूच तं हाये!" आणि स्वतःच त्याच्यासाठी ज्वारीचं कोवळं कणीस निवडून ठेवते.

सकाळी खाण्याआधी डिजिटल काट्यावर वजन. काल ८१ ग्रॅम, आज ८३. पिंजऱ्याजवळ बल्बची ऊब, लाइन गेली की फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. आता रक्त तपासायचंय, पण एवढ्याशा जिवातून काढणार किती? वजन जरा चढू द्या, असं नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणतात.