मरळीच्या पिल्लांचं पोट आणि ब्लँकची पट्टी

आमच्या गोंदियाकडं मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावात पावसाळ्यात मरळ माशाची पिल्लं लालसर थव्यानं वर येतात अन् खाली मायबाप राखण करत असतात, हे लहानपणापासून पाहते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला तीच घेतली, ही खातात काय म्हणून. बाबा म्हणे, "एवढ्याश्या पोटात का दिसन वं तुले?" अन् खरंच, मायक्रोस्कोपखाली सुईनं पोट उघडलं तर नुसता पिवळट लगदा.

मग मॅडमनी ऑक्टोपसच्या पिल्लांवरचं काम वाचायला दिलं. ऑक्टोपस व्हल्गॅरिसची पिल्लं जन्मतात तेव्हा दोन-तीन मिलिमीटरची, एकेका हाताला तीनच चोषक, अन् खेकड्याच्या बारक्या पिल्लाला धरून लाळेनं आतलं मांस पातळ करून ओढून घेतात, कवच टाकून देतात. पोटात ओळखायला काही उरतच नाही, म्हणून तिथं डीएनए वाचतात. म्हटलं आपणही तेच करू.

पिल्लं तलावावरच अल्कोहोलमध्ये टाकली, गावात लाईट गेली की फ्रीजचा भरवसा नाही. पचताना डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून प्राण्याची जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा अख्खा बारकोड (ओळख पटवणारा भाग) न घेता त्यातला ३१३ चा तुकडा घेतला. पहिल्या रिझल्टमध्ये जवळपास सगळी मरळच! पोटाच्या भिंतीचा डीएनए इतका असतो की शिकार त्यात दबून जाते. त्यावर ब्लॉकिंग प्रायमर वापरला, तो मरळीच्याच डीएनएवर जाऊन बसतो अन् तिथून पुढं कॉपी बनू देत नाही.

पण रडवलं ते ब्लँकनं. ज्या ट्यूबमध्ये नमुना नाही, फक्त पाणी, तिचीही पट्टी जेलवर चमकली, बारीक पण स्पष्ट. जेलवर एकेका नमुन्याची एक लेन असते, अन् पट्टी चमकली म्हणजे तिथं डीएनए आहे. एकानं सांगितलं, फोटोतून ती लेन कापून टाक, कोण पाहते. मला नाही पटलं, कारण मग पोटात सापडलं म्हणून जे लिहीन ते पिपेटमधूनही आलेलं असू शकते ना. सगळं मिक्स फेकलं, टेबल ब्लीचनं पुसलं, पीसीआरची (डीएनएच्या कॉपी बनवायची) तयारी वेगळ्या खोलीत केली, फिल्टरवाल्या टिप मागवल्या, तीन आठवडे गेले. चौथ्या जेलवर ती लेन काळीच राहिली, तो फोटो आधी बाबाला पाठवला.

सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचल्यावर, कोपेपॉड अन् डॅफ्निया हे पाण्यातले बारके जीव अन् चिलटासारख्या माशीच्या अळ्या निघाल्या. कोणाला खाल्लं ते कळते, किती खाल्लं ते यावरून सांगता येत नाही. बाबानं सगळं ऐकून एकच विचारलं, "धानाच्या बांधीतलं फवारणीचं पाणी तलावात आलं तं हे किडे राहतीन का?" पुढच्या पावसाळ्यात बांधीकडच्या काठाची अन् जंगलाकडच्या काठाची पिल्लं वेगवेगळ्या बाटल्यांत घेणार आहे.