चार्ज घेतला आणि खडू हातातून सुटला

आमच्या शाळेचा पट ८४. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो, त्यामुळे मोठे सर रिटायर झाल्यावर सिनियर म्हणून मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्या गळ्यात पडला, वर माझा चौथीचा वर्ग आहेच.

पहिले सहा महिने नुसती धांदल. यू-डायसची (सरकारला ऑनलाइन द्यायची शाळेची) माहिती, पोषण आहाराचा तांदूळ, मध्येच केंद्रप्रमुखांचा फोन. सगळं मीच करायचो आणि घरी येऊन चिडायचो (बायको म्हणाली, घरी मुख्याध्यापक नकोय मला).

मग एकदा शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये सरळ सांगून टाकलं की मला जमत नाहीये, मदत लागेल. नियमाने तिच्यात ७५ टक्के पालकच असतात ना, पण आम्ही त्यांना सहीपुरतंच बोलवायचो, चूक आमचीच. एक आई म्हणाली, सर, तांदळाचं वजन आम्ही बघतो, तुम्ही पोरांना वाचायला शिकवा!

आता रोज पहिला तास फोन सायलेंट असतो, कुणाचाही येऊ दे. भागाकार चाललाय सध्या.