गौरीचे गार कान

गौरी व्याली ती रात्री नऊला. तिसरं वेत, कालवड झाली, वारही वेळेवर पडली. चीक पाच-सहा लिटर निघाला, आईनं खरवस लावला. पहाटे आप्पा धारेला गेले आणि गोठ्यातूनच त्यांची हाक आली, "अगं, ही उठंना. कान बघ कसं गार पडल्यात."

मी हात लावला. साडेचारशे किलोची संकरित गाय आणि कान पाण्यातनं काढल्यासारखे. नाकाड कोरडं, मान वळवून कुशीवर टाकलेली, रवंथ बंद. कालवड शेजारी हंबरत होती, पण तिनं डोळासुद्धा वळवला नाही. याला मिल्क फिव्हर म्हणतात, पण यात ताप नसतो, उलट अंग गार पडतं. व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरलं की असं होतं.

अकरावी-बारावीला मी जीवशास्त्र शिकवते. "कॅल्शियम आयन : स्नायूंचे आकुंचन, चेतासंदेश, रक्त गोठणे" ही ओळ दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलं दोन मिनिटांत पाठ करतात. चेतातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरलं तरच तिथून स्नायूला निरोप सुटतो. गौरीचे निरोप सुटतच नव्हते. पाय शाबूत, हाडं शाबूत, आणि गाय उठत नाही.

गुरांचे डॉक्टर आले. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलिची बाटली त्यांनी आधी कोमट पाण्यात ठेवायला लावली, मग मानेच्या शिरेत सुई घातली. बाटली आप्पांच्या हातात, स्टेथोस्कोप गौरीच्या छातीवर. मध्येच डॉक्टर म्हणाले, "खाली घ्या, खाली, सावकाश जाऊ द्या." हृदय हाही स्नायूच. कॅल्शियम भरभर गेलं तर ठोके चुकतात आणि जनावर जागीच जातं.

अर्धी बाटली संपली आणि मांडीचं कातडं थरथरलं. मग मोठी ढेकर आली. कोरड्या नाकाडावर दवासारखे बारीक थेंब जमले, आणि तिनं शेण टाकलं. शेण बघून आप्पांचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं दुसऱ्या झटक्यात ती उभी राहिली आणि आधी कालवडीला चाटायला लागली.

नंतर मी हिशेब मांडला. गाईच्या रक्तातल्या द्रवात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम असतं. एक लिटर चिकात असतं 2 ग्रॅमच्या वर. म्हणजे एका धारेत आम्ही तिच्या रक्तातल्या साठ्याच्या चौपट कॅल्शियम बादलीत काढलं होतं. हाडांत कित्येक किलो पडलेलं असतं, पण ते फॉस्फेटशी घट्ट बांधलेलं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीनं मागणी केली तरी ते सुटून यायला एक-दोन दिवस लागतात. कास तेवढी थांबत नाही.

हृदयाला कॅल्शियम लागतं, हे लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरलाही अवचितच कळलं. बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात छान धडधडत होतं, कारण ते पाणी नळाचं होतं. शुद्ध केलेलं पाणी वापरल्यावर हृदय मंदावून थांबलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, हे त्यानं 1883 मध्ये छापलं. दवाखान्यात ‘आरएल’ची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली लावतात, त्यातला आर म्हणजे हाच रिंगर.

आमचं काय चुकलं, तेही डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही उसाच्या पट्ट्यातले, त्यामुळे गव्हाणीत वाढंच वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून शेणावाटे घेऊन जातं. वर लसूणघास भरपूर. त्यातल्या पोटॅशियमनं रक्ताचा कल अल्कलीकडे जातो आणि पॅराथायरॉइडचा निरोप हाडांना नीट लागू पडत नाही. आणि शेवटच्या महिन्यात आप्पांनी मायेनं कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या होत्या. आयतं मिळत गेलं की ती ग्रंथी सुस्तावते. गाभण गाईला असं पाजणं आमच्या गावात घरोघर चालतं, ते थांबायला हवं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

गौरी पुन्हा गाभण आहे, दिवस भरत आलेत. शेवटचे तीन आठवडे वाढं आणि लसूणघास बंद, वाळला कडबा आणि रक्ताचा अल्कलीकडचा कल मोडायला डॉक्टरांनी दिलेलं क्लोराइड-सल्फेटचं क्षार मिश्रण पेंडीत कालवून. चव कडवट लागते म्हणून ती तोंड फिरवते. आप्पा मूठभर गूळ मिसळून घमेलं पुढं धरतात आणि ते रिकामं होईपर्यंत तिथंच बसून राहतात.